नासाचं पेन आणि रशियाची पेन्सिल

‘अमेरिकेने अंतराळात चालणारं पेन शोधायला कोट्यवधी डॉलर उधळले, रशियाने सरळ पेन्सिल वापरली.’ उद्योजकता शिबिरांत हा किस्सा हमखास टाळ्या घेतो. तो खरा नाही.

सुरुवातीला नासाचे अंतराळवीरही पेन्सिलीच वापरत. उलट 1965 मध्ये नासाने 34 यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी सुमारे 129 डॉलरला घेतल्या, आणि उधळपट्टीची ओरड झाली ती त्यावरून! शिवाय अंतराळात पेन्सिलीचं तुटलेलं टोक तरंगत राहतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीजवाहक, लाकूड पेट घेणारं. 1967 मध्ये अपोलो 1 या यानाच्या आगीत तीन अंतराळवीर गेल्यावर ज्वलनशील वस्तूंबाबत नासा फारच सावध झाली.

पेन बनवलं पॉल फिशर या अमेरिकी पेन उत्पादकाने, तेही स्वतःच्या पैशाने. रिफिलमध्ये दाबाखाली नायट्रोजन आणि घट्ट शाई. टोकाची गोळी फिरली की शाई पातळ होऊन उतरते. नासाने कसून चाचण्या घेतल्या आणि सुमारे 400 पेनं प्रत्येकी 6 डॉलरच्या आसपास विकत घेतली. 1969 मध्ये खुद्द सोव्हिएत संघानेही तीच पेनं घेतली. हा भाग किस्सा सांगणारे नेमका गाळतात. गिऱ्हाईक म्हणून नासा तशी किरकोळच. पण तिच्या नावावर फिशरची कंपनी ते पेन आजही विकते.