वाफसा आणि तारीख: लाँच विंडो व डेडलाइन यांत गल्लत नको

एखादं अंतराळ उड्डाण पुढं गेलं की निपाणी-चिक्कोडीकडं चहाच्या टपरीवर ‘विंडो चुकली’ आणि ‘तारीख चुकली’ हे एकाच अर्थानं बोललं जातं. खरं तर शेतकऱ्याला हा फरक शिकवायला नको. काळ्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नसताना कुरी घातली तर तास दाबून बसतो आणि बी कुजतं. पीककर्जाची तारीख मात्र सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असते. ती पुसून पुढची घालता येते.

विंडो म्हणजे वाफसा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी 51.6 अंशांनी कललेली आहे. पृथ्वी फिरता फिरता प्रक्षेपणतळ त्या कक्षेच्या पातळीत आला की यान सोडायचं. उशीर झाला तर बाजूला वळवून न्यायला इंधन पुरत नाही. नासाच्या स्पेस शटल यानांना यासाठी जेमतेम 10 मिनिटं मिळत. हुकलं तर दुसऱ्या दिवशी साधारण 20-25 मिनिटं आधी पुन्हा संधी. मंगळासाठी मात्र 26 महिने थांबावं लागतं.

डेडलाइन माणूस लिहितो, आणि घात बहुतेक तिथंच होतो. 27 जानेवारी 1986 च्या रात्री बूस्टर (शटलला वर ढकलणारी बाजूची रॉकेटं) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी 12 अंश सेल्सिअसखाली चॅलेंजर हे शटल उडवू नका असं सांगितलं होतं. बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते. पेटताक्षणी सांधा किंचित उघडतो, तेव्हा ती झटकन फुगून फट बुजवत नाही आणि तापलेला वायू बाहेर निसटतो. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागतं. त्या रात्री ‘धोका आहे’ हे सिद्ध करा, असा उलटा रोख होता. सकाळी पारा 2 अंशांवर होता. 73 सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष रीगन यांचं संसदेपुढं भाषण ठरलेलं होतं, म्हणून व्हाइट हाउसमधून फोन आला असणार, असं अजून सांगतात. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाला तसा बाहेरचा दबाव आढळला नाही. फोन लागतोच कशाला? वर्षाला 24 उड्डाणांचं उद्दिष्ट आधीच डोक्यावर बसलेलं होतं.

कोलंबिया या दुसऱ्या शटलचं प्रकरण जास्त बोलकं आहे. स्थानकाचा एक भाग 19 फेब्रुवारी 2004 ला न्यायचा, म्हणून नासाच्या व्यवस्थापकांच्या संगणकावर त्या तारखेची उलटी मोजणी करणारा स्क्रीनसेव्हर होता. ऑक्टोबर 2002 मध्ये एका शटलच्या इंधनटाकीवरचा फोम तुटून बूस्टरला लागला; पण त्याची नोंद ‘उड्डाणातला बिघाड’ म्हणून झाली नाही. तशी झाली असती तर कारण शोधून निकाली काढेपर्यंत पुढची उड्डाणं अडकली असती. 16 जानेवारी 2003 ला तसाच फोम कोलंबियाच्या डाव्या पंखावर आदळला. 1 फेब्रुवारीला परतताना कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. गंमत नव्हे, पण कोलंबिया त्या खेपेला स्थानकाकडं जाणारही नव्हतं.

आपल्याकडं गगनयानासाठी 2018 मध्ये लाल किल्ल्यावरून 2022 हे साल सांगितलं गेलं होतं. ते मागं पडलं. ही डेडलाइन होती, विंडो नव्हे. 21 ऑक्टोबर 2023 च्या टीव्ही-डी1 या गगनयानाच्या चाचणी उड्डाणात सकाळी 8:45 ला शेवटच्या 5 सेकंदांवर संगणकानं मोजणी थांबवली. ही चाचणी कक्षेत जाणारी नव्हती, गाठायचं स्थानकही नव्हतं. म्हणून दोष शोधून 10 वाजता तेच यान उडवलं.