वेगवान मोटारबोटींची तुलना : वजन, आकार आणि चाल

पाण्यात बुडून सरकण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर चढून धावणाऱ्या छोट्या इंजिनबोटींना वेगवान मोटारबोटी म्हणतात. बोलण्यात सरसकट ‘स्पीडबोट’. अशा दोन बोटींत सरस कोणती हे ठरवताना वजन, आकार आणि लाटांवरची चाल या तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिल्या दोन कागदावर छापून येतात, तिसरी पाठीच्या कण्याला कळते. छापील आकडे बहुधा समुद्रसपाटीचे, कोऱ्या आणि रिकाम्या बोटीचे असतात. नाशिकसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या, धरणाच्या गोड्या पाण्यावर बोट चालवणाऱ्याला ते जसेच्या तसे घेऊन चालत नाही.

कोणतीही बोट सावकाश चालते तेव्हा आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून चालते. या अवस्थेत तिचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीने बांधलेला असतो. २५ फूट लांबीला तो साधारण पावणेसात नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येतो. त्यापुढे जायचे तर बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते. नाक वर होते, मागचा भाग खाली बसतो, इंजिन कण्हते आणि मग एकदम बोट सपाट होऊन मोकळी सुटते. चालवणारे याला ‘बोट प्लेन झाली’ म्हणतात. चढायला बोटीला किती वेळ लागला, किती पेट्रोल गेले आणि किती माणसे बसलेली असताना ती चढली, यावरून तिच्या वजनाबद्दल माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते.

वजन

बोटीची वजने तीन प्रकारे सांगतात आणि तुलनेतला निम्मा घोळ तिथेच होतो. कोरडे वजन म्हणजे इंधन, पाणी, माणसे, सामान यांवाचूनचे. आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून इंजिन टांगलेल्या, बोटींच्या बाबतीत त्यात बरेचदा इंजिनही धरलेले नसते. ओले वजन म्हणजे टाक्या भरलेले. तिसरे, प्रत्यक्ष चालतानाचे भारासह वजन. ३०० हॉर्सपॉवरच्या आसपासचे एक आउटबोर्ड इंजिन २३० ते २९० किलोपर्यंत भरते. २०० लिटर पेट्रोल दीडशे किलोच्या जवळ जाते, आणि सहा प्रौढ माणसे साडेचारशे किलोची. कागदावर १,३०० किलोची असलेली बोट धक्क्यावरून निघताना सव्वादोन टनांची झालेली असते ती अशी. एकाने इंजिनासकट आणि दुसऱ्याने इंजिनावाचून सांगितलेली वजने शेजारी मांडणे व्यर्थ आहे.

वजन आणि ताकद यांवरून वेगाचा अंदाज बांधायला नौकारचनाकार क्राउच यांचे जुने सूत्र अजून कामी येते. किलो आणि किलोमीटरमध्ये ते असे मांडता येईल : एकूण वजनाला हॉर्सपॉवरने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि बोटीच्या जातीनुसार ठरलेल्या अंकाला त्या वर्गमूळाने भागावे. साध्या सहलीच्या बोटीला हा अंक १६३ च्या आसपास, चपळ बोटीला २०६, शर्यतीच्या बोटीला २२८. म्हणजे ३०० हॉर्सपॉवरची १,८०० किलोची चपळ बोट ताशी ८४ किलोमीटरपर्यंत जाईल. तीच बोट २,२५० किलोची झाली की ७५. वेग दुप्पट करायचा तर ताकद चौपट लागते, हा या सूत्राचा कडवट भाग. म्हणून शर्यतीवाले हॉर्सपॉवर वाढवण्याआधी किलो कमी करतात, आणि त्यांचेच बरोबर आहे.

वजन किती याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. सहलीला आलेले सहाजण मागच्या मऊ गादीवर ओळीने बसतात. बोट निघते, नाक आभाळाकडे जाते, समोरचे पाणी चालवणाऱ्याला दिसेनासे होते आणि बोट काही केल्या चढत नाही. मग तो वळून सांगतो, “दादा, दोघं जण पुढं सरका.” दोघे सरकतात आणि त्याच इंजिनावर, त्याच वजनाला बोट चढते. भार फार मागे असला तर वेगात असताना बोटीचे नाक ठराविक लयीत वर-खाली आपटू लागते. फार पुढे असला तर नाक पाण्यात घुसते आणि वळताना बोट भलतीकडे ओढते. इंजिनाचा कल बदलणे आणि मागच्या कडेच्या पट्ट्या वरखाली करणे हे दोन्ही उपाय याच दुखण्यावरचे, पण चुकीच्या ठिकाणी ठेवलेली टाकी त्यांनी पुरती झाकली जात नाही.

आकार

लांबीवरून बोटीचा आकार सांगण्याची रीत आहे, आणि ती फसवी आहे. एकाच ठेवणीची बोट ७ मीटरांवरून ८ मीटर केली, म्हणजे रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढवली, तर लांबी १४ टक्क्यांनी वाढते पण घनफळ जवळजवळ दीडपट होते. वजनही त्याच वाटेने जाते. उलट टोकाचे उदाहरण नाशिककरांच्या ओळखीचे आहे. के. टी. एच. एम. महाविद्यालयाच्या बोट क्लबमुळे गोदावरीवर वल्ह्यांच्या शर्यतींच्या बोटी शहराला नवीन नाहीत, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हवण्यात उतरलेले दत्तू भोकनळ याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचे. त्या प्रकारची एकेरी बोट ८ मीटरांहून लांब असते आणि नियमाने तिचे किमान वजन असते १४ किलो. नुसती लांबी सांगून काय कळते ते यावरून दिसावे.

मोटारबोटीत लांबीइतकीच तळाची रुंदी पाहावी लागते. बोट चढल्यावर तिला पाणी उचलून धरते ते तळाच्या मागच्या, ओल्या राहिलेल्या भागावर. एकूण वजन या क्षेत्रावर किती दाटीने पडते, हा आकडा फारसा कुणी छापत नाही, पण दोन बोटींची तुलना करताना तोच सर्वांत कामाचा. रुंद तळ लवकर चढतो, कमी वेगातही चढलेला राहतो आणि लाटेवर आपटतो. अरुंद, जड तळ उशिरा चढतो, पण चढल्यावर लाट चिरत जातो. वरून दिसणारी डेकची रुंदी पाहून तळाचा अंदाज बांधू नये. आजकाल डेक बाहेर काढलेले आणि तळ आवळलेले असतात.

रुंदीला रस्त्याचीही मर्यादा आहे. भारतात मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरांच्या वर चालत नाही आणि अमेरिकेत हीच मर्यादा साडेआठ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच. ट्रेलरवरून न्यायच्या बहुतेक बोटी म्हणूनच अडीच मीटरांवर अडतात. मुंबईहून कसारा घाटाने नाशिकला येणाऱ्या बोटीचा आकार समुद्राने कमी आणि हमरस्त्याने जास्त ठरवलेला असतो.

चाल

चालीचा पहिला निकष म्हणजे तळाच्या व्ही आकाराचा कोन, म्हणजे तळाची बाजू आडव्या रेषेपासून किती अंश वर चढते, तोही मागच्या टोकाशी मोजलेला. नाकाजवळ प्रत्येक बोटीचा तळ धारदार दिसतो. मागे तो ५ अंशांपर्यंत असेल तर तळ सपाट समजावा. १२ ते १७ अंश तलावाच्या बोटींना, १८ ते २१ मधल्या वापराला आणि २२ ते २४ खुल्या समुद्राला. हा खोल व्ही रे हंट या अमेरिकी रचनाकाराने रूढ केला. त्याच्या रचनेवर बांधलेली ‘मॉपी’ नावाची ३१ फुटी बोट घेऊन रिचर्ड बर्ट्रम यांनी १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी-नासाऊ शर्यत जिंकली, आणि त्यानंतर सपाट तळाची बोट घेऊन समुद्री शर्यतीत उतरणे मागे पडले. डॉन अॅरोनो यांनी पुढच्या दशकात फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या काढल्या. लांब, अरुंद आणि खोल तळाच्या त्या बोटींची छाप आजही पुसलेली नाही.

खोल व्हीची किंमत मोजावी लागते. कोन वाढला की पाण्याचा उचल कमी होतो, तेवढ्याच वेगाला जास्त ताकद लागते आणि उभी असताना बोट डुलते. मासेमारीला किंवा फोटो काढायला थांबणाऱ्यांना ते नको असते. यावर तळाला आडवी पायरी पाडून खालून हवा शिरू द्यायची, म्हणजे ओला भाग घटतो, ही एक युक्ती. पायरीच्या तळाची कल्पना रॅमस नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८७२ मध्येच मांडली होती. त्या वेळी तिला पेलणारे हलके इंजिन नव्हते. पायरीची बोट सरळ जाताना वेगवान असते, मात्र जोरात वळताना मागचा भाग अचानक घसरू शकतो. नवशिक्याला ती देऊ नये.

दुसरी वाट दोन तळांच्या, मधून बोगदा असलेल्या बोटींची. बोगद्यात कोंडलेली हवाच बोटीला उचलते. फॉर्म्युला वनच्या पाण्यावरच्या शर्यतीत याच बोटी धावतात. लांबी सुमारे ६ मीटर, वजन इंजिनासकट जेमतेम अर्धा टन आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीजवळ कृष्णेवर ही शर्यत झाली होती. त्याआधी मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन शर्यत झाली, ती मात्र व्ही तळाच्या बोटींची. दोन्ही ‘पॉवरबोट रेस’ म्हणूनच छापून आल्या, पण या बोटींची एकमेकींशी तुलना करण्यात अर्थ नाही. बोगद्याची बोट वाऱ्याचा झोत खालून शिरल्यास नाक वर उचलले जाऊन मागे उलटते, व्ही तळाची बोट लाटेवरून उडाली तरी बहुधा सरळ खाली येते.

आपटण्याचा जोर वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग थोडा वाढवला आणि धक्के असह्य झाले, हा अनुभव प्रत्येक चालवणाऱ्याला असतो. जड बोट कमी उसळते, हलकी जास्त. त्यामुळे वजन घटवून मिळवलेला वेग खडबडीत पाण्यावर वापरताच येत नाही, असेही होते. कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आठ तासांना १.१५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही कमाल मर्यादा घातली. वेगवान बोटींवर ती पाळणे कठीण जाते, आणि स्प्रिंगच्या खुर्च्या आल्या त्या याच कारणाने. नाकाजवळच्या बाकावर धक्का सर्वांत जास्त बसतो. तिथे बसण्याची मुलांना हौस असते, पण पाठदुखी असणाऱ्याने मागेच बसावे.

नाशिकचे पाणी

शहराच्या पश्चिमेला गोदावरीवरचे गंगापूर धरण हे नाशिकचे मुख्य बोटिंगचे ठिकाण. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब गंगावऱ्हे इथे याच जलाशयावर आहे. इथल्या लाटा वाऱ्याने उठलेल्या, आखूड आणि उभ्या असतात. दीड-दोन सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी साडेतीन ते सव्वासहा मीटर भरते. आठ सेकंदांनी येणाऱ्या समुद्री लाटेची शंभर मीटर. यातून निघणारा निष्कर्ष माहितीपत्रकात सापडत नाही : जलाशयावर ६-७ मीटरांची बोट दोन लाटांच्या माथ्यांवर टेकून जाते आणि गुळगुळीत चालते, साडेचार मीटरांची बोट प्रत्येक खड्ड्यात उतरते. इथे लांबीचा उपयोग खोल कोनापेक्षा जास्त. १५-१६ अंशांचा तळ पुरेसा असतो. २४ अंशांची समुद्री बोट इथे आणून मालक पेट्रोल जाळतो, चालीत फारसे काही कमावत नाही.

उंचीमुळे हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद जाते. एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात तूट आणखी वाढते. वरच्या उदाहरणातली २,२५० किलोची बोट घेतली तर उंचीच्या तुटीने तिचा ७५ चा वेग ७३ वर येतो. एवढ्याने कुणाचे बिघडत नाही. खरे नुकसान चढताना दिसते, कारण समुद्रासाठी निवडलेला पंखा (प्रोपेलर) इथे इंजिनाला जड जातो, फेरे पुरे होत नाहीत आणि भरलेली बोट नाक वर करून रेंगाळते. कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर पुढे नेणारा, पंखा लावला की प्रश्न बराचसा सुटतो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलके असल्याने बोट किंचित खोल बसते, तो फरक मात्र व्यवहारात विसरला तरी चालतो.

पाण्यावर चढायच्या धडपडीत, नाक वर असताना, बोट सर्वांत मोठी लाट मागे सोडते. अगदी सावकाश किंवा पुरती चढलेली बोट त्यापेक्षा कमी त्रास देते. अरुंद जलाशयात ही लाट काठाला आपटून परत येते आणि वल्ह्यांच्या बोटींना, मासेमारांच्या होड्यांना भोवते. शिवाय गंगापूरचे पाणी शहर पिते, त्यामुळे तेल-पेट्रोल सांडणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांपेक्षा फोर-स्ट्रोक बरे, मग ते जड असले तरी. नांदूर मधमेश्वरचा जलाशय हे राज्यातले पहिले रामसर ठिकाण, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदलेली जागा. तिथे वेगवान बोटींचा विचारही करू नये.

जलाशय म्हणजे दुय्यम पाणी असा मात्र समज नको. पाण्यावरचा जागतिक वेगविक्रम केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर केला, ताशी ५११ किलोमीटर, आणि बोट त्यांनी घरामागच्या अंगणात लाकडाची बांधली होती. या विक्रमासाठी एक किलोमीटरचे अंतर दोन्ही दिशांनी तासाभरात कापून सरासरी काढतात. साध्या तुलनेतही हीच पद्धत ठेवावी : जीपीएसने दोन्ही दिशांना वेग मोजायचा, टाकी आणि माणसे दोन्ही बोटींत सारखी, पंख्याचे माप टिपलेले, आणि चढायला लागलेले सेकंद वेगळे नोंदवलेले. नाशिकमध्ये ही चाचणी पावसाळ्यानंतर भरल्या धरणात घ्यावी. मेपर्यंत पाणी उतरते, काठाचा चिखल आणि बुडालेले खडक वर येऊ लागतात, आणि तेव्हा पंखा वाचवण्याच्या नादात कुणीच पूर्ण वेगाने बोट हाकत नाही.