ब्रँडेड डेस्कटॉपमधील ग्राफिक्स कार्ड व पॉवर सप्लाय बदल

दुकानातून तयार विकत घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये अधिक क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड बसवणे आणि त्याची विजेची गरज भागवण्यासाठी पॉवर सप्लाय, म्हणजे बोलण्यातला एसएमपीएस, बदलणे ही दोन कामे बहुधा एकमेकांना जोडूनच येतात. घेणाऱ्याचे लक्ष कार्डाकडे असते. प्रत्यक्षात मात्र जुन्या सप्लायची मदरबोर्डाशी, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीशी, असलेली जोडणी आणि कॅबिनेटमधली जागा यांवरच कोणते कार्ड चालेल हे ठरते. त्यामुळे कॅबिनेट उघडून पाहिल्याशिवाय कार्डाची निवड करू नये.

कार्ड मदरबोर्डावरच्या ज्या लांब खाचेत बसते, त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागल्यास सप्लायमधून वेगळी वायर आणावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५० आणि नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून कमाल ६०० वॅट घेता येतात. कार्यालयीन वापराच्या डेस्कटॉपमधला सप्लाय अनेकदा २०० ते ३०० वॅटचाच असतो आणि त्यात अशी वायर नसते. शिवाय लेबलवरचा मोठा आकडा फसवा असू शकतो. कार्डाची भूक मुख्यतः १२ व्होल्टवर भागते, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर बारांनी गुणून पाहावेत. तिथे १६ अँपिअर छापलेले असतील, तर ३०० वॅटच्या सप्लायमधूनही १२ व्होल्टवर १९२ वॅटच मिळतात आणि त्यांतच प्रोसेसरचाही वाटा असतो. कार्ड क्षणभर आपल्या नेमलेल्या मर्यादेच्या बरेच वर वीज खेचते, त्यामुळे काठोकाठ बसणारा हिशेब पुरत नाही. हार्ड डिस्कच्या साटा जोडणीवरून सहा पिन काढून देणारी स्वस्त अडॅप्टर वायर तर टाळावीच, कारण साटा जोडणीची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि तिच्यावर ७५ वॅटचा भार पडल्यास प्लास्टिक वितळू शकते.

खरी अडचण जोडणीची आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकामुळे सुटे भाग एकमेकांना चालू लागले. त्या मापाचा सप्लाय १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असतो आणि आज मदरबोर्डाला २४ पिनांनी जोडला जातो. ब्रँडेड यंत्रांत मात्र हा नियम पाळलेला असेलच असे नाही. अनेक मॉडेलांत २४ पिनांऐवजी कंपनीची स्वतःची आखूड जोडणी असते, सप्लायचा आकारही निराळा असतो आणि स्क्रूची भोके जुळत नाहीत. काही मॉडेलांसाठी रूपांतर करणारी वायर मिळते, पण ती नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी लागते.

पिनांची संख्या जुळली म्हणजे वायर जुळली असे समजणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी पाहताना सारखी वाटते, पण त्यांतील १२ व्होल्ट व अर्थिंग (ग्राउंड) यांच्या जागा उलट असतात; पिनांच्या कडांचे आकार वेगळे ठेवलेले असल्याने एक दुसरीच्या जागी सहज बसत नाही, आणि जोर लावून बसवू नये. मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे वायरी काढता-घालता येणाऱ्या सप्लायच्या, सुट्या वायरींना एवढेही संरक्षण नसते. त्यांचे सप्लायकडचे टोक कोणत्याही मानकाने बांधलेले नसल्यामुळे जुन्या सप्लायची वायर नव्यात निमूट बसते आणि चालू करताच हार्ड डिस्क किंवा कार्ड जळू शकते. सप्लायबरोबर त्याच्या सगळ्या वायरीही बदलाव्यात. सप्लायचे आवरण मात्र उघडू नये, कारण आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही घातक विद्युतभार उरतो.

कार्ड काढताना आधी मागचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खिट्टी सोडवावी लागते. मोठ्या कार्डाखाली खिट्टी दिसत नाही आणि ओढाताणीत स्लॉट तुटतो. जुन्या बायोसमुळे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममुळे, नवे कार्ड बसूनही पडदा काळा राहू शकतो, परंतु त्याआधी मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्याच पोर्टात राहिली नाही ना, हे पाहावे. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

सप्लाय बदलता येत नसेल, तर स्लॉटच्या विजेवरच चालणारे कार्ड हा पर्याय उरतो. एनव्हिडियाची २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० ही ७५ वॅटची कार्डे आहेत, पण त्यांच्या काही आवृत्त्यांना सहा पिनांची वायर लागते. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६४०० अवघे ५३ वॅट घेते. मात्र ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन, म्हणजे माहिती वाहणारे मार्ग, वापरत असल्याने तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये, म्हणजे नेमके जुन्या डेस्कटॉपमध्येच, त्याचा वेग घटतो.