फॉर्टिंगलचा यू वृक्ष

स्कॉटलंडमधील पर्थशर परगण्यात, ग्लेन लायन या लांबलचक दरीच्या तोंडाशी वसलेल्या फॉर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारातील अतिप्राचीन यू वृक्ष. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या झाडांत त्याची गणना होते. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी येथे स्थानिक पेगन (ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या) लोकांचे पूजास्थान होते, अशी समजूत आहे. झाड पाहायला येणाऱ्यांचा मात्र प्रथमदर्शनी विरसच होतो. आडव्या-तिडव्या फांद्यांची दाट, ठेंगणी जाळी दिसते. महावृक्ष म्हणावा असे काही दिसत नाही.

यू (शास्त्रीय नाव टॅक्सस बकाटा) हा सदाहरित, सूचिपर्णी आणि अत्यंत सावकाश वाढणारा वृक्ष आहे. बीभोवतीचा लाल गर सोडला तर त्याची पाने, साल, बिया असे जवळजवळ सगळेच विषारी असते. म्हातारपणी त्याचा गाभा कुजतो. पण बाहेरचे कवच जिवंत राहून वाढत राहते. हा त्याच्या दीर्घायुष्याचा आधार आणि अभ्यासकांची मोठी अडचण. वर्षवलये मोजायची तर गाभा हवा, आणि फॉर्टिंगलच्या झाडाचा गाभा कधीच नाहीसा झाला आहे. त्यामुळे घेर आणि वाढीचा वेग यांवरून अंदाज बांधावे लागतात. बहुतेक अंदाज २,००० ते ३,००० वर्षांचे आहेत. अधूनमधून ५,००० वर्षांचा आकडाही छापून येतो. तो उत्साहाचा मानावा.

घेराची जुनी मोजमापे उपलब्ध आहेत, हे सुदैव. डेन्स बॅरिंग्टन यांनी १७६९ मध्ये घेर ५२ फूट (सुमारे १६ मी.) नोंदवला. त्याच सुमारास प्रवासी व निसर्गअभ्यासक टॉमस पेनंट यांना तो ५६.५ फूट भरला. खोड तेव्हाच दुभंगलेले होते आणि मधल्या फटीतून प्रेतयात्रा नेल्या जात, असे सांगतात. पुढे माणसांनीच झाड पोखरले. पॅट्रिक नील यांनी १८३३ मध्ये लिहून ठेवले, की मोठ्या फांद्या आणि खोडाचेही तुकडे काढून लोकांनी त्यांचे पेले व शोभेच्या वस्तू केल्या होत्या. मे महिन्याच्या आरंभी येणाऱ्या बेल्टेन सणाची होळी गावची पोरे बुंध्याशीच पेटवत, अशीही आठवण सांगितली जाते. आज सुटे सुटे दिसणारे बुंधे म्हणजे त्या एकाच प्रचंड खोडाचे उरलेले भाग आहेत. त्याभोवतीची संरक्षक भिंत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली.

पेगन पूजास्थान असल्याचा थेट लेखी पुरावा एकही नाही. ड्रुइड पुरोहित येथे विधी करत, हे वर्णन माहितीपत्रकांत सर्रास आढळते. परंतु ड्रुइडांच्या वृक्षपूजेबद्दल रोमन लेखक थोरला प्लिनी जे सांगतो ते ओक आणि त्यावरील मिसलटो या बांडगुळाविषयी आहे, यूविषयी नाही. तरीही ही समजूत निव्वळ हवेतली म्हणता येत नाही. गावालगतच्या शेतात प्रागैतिहासिक उभ्या शिळा आहेत, आणि चर्चमध्ये आरंभीच्या मध्ययुगातील क्रूस कोरलेल्या शिळांचे तुकडे जतन केलेले आहेत. म्हणजे माणसांच्या श्रद्धा या जागी फार पूर्वीपासून घोटाळत आल्या आहेत. पोप पहिले ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ च्या पत्रात इंग्लंडमधील मिशनऱ्यांना जुनी देवळे न पाडता शुद्ध करून वापरण्याचा सल्ला दिला होता. याउलट जर्मनीतील गाइस्मार येथे मिशनरी बोनिफेस यांनी ७२३ च्या सुमारास डोनार देवाचा ओक तोडला. फॉर्टिंगलला कुऱ्हाड चालली नाही. चर्च झाडाजवळ आले, की चर्चच्या आवारात म्हणून झाड वाचले, याचे उत्तर वयाच्या अंदाजावर अवलंबून आहे. वरचे आकडे मानले तर झाडच आधीचे ठरते.

येशूला क्रुसावर देण्याची शिक्षा फर्मावणारा पाँटियस पायलेट याच झाडाच्या सावलीत जन्मला, अशी एक दंतकथा प्रचलित आहे. पायलेट इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा अधिकारी होता, तर रोमनांची ब्रिटनवरील विजयमोहीमच ४३ मध्ये सुरू झाली. कथा येथेच कोसळते, पण पर्यटकांना तीच सर्वाधिक आवडते.

यूमध्ये नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. फॉर्टिंगलचा वृक्ष नर म्हणूनच नोंदलेला होता. २०१५ मध्ये मात्र त्याच्या एका लहानशा फांदीवर तीन लाल फळे आढळली. उरलेले झाड नरच राहिले. एडिंबरो येथील शाही वनस्पती उद्यानाचे मॅक्स कोलमन यांनी ही नोंद केली, आणि वृत्तपत्रांनी ‘झाडाने लिंग बदलले’ असा गाजावाजा केला. सूचिपर्णी वृक्षांत एखादी फांदी अशी बदलणे दुर्मीळ असले तरी अज्ञात नाही.

आपल्याकडील देवराईतून वाळकी काटकीही न्यायची नाही असा दंडक असे. फॉर्टिंगलला असा दंडक नाही. पर्यटक आठवण म्हणून डहाळ्या तोडतात आणि फांद्यांना फिती बांधतात, त्याने झाडावर ताण येत असल्याची तक्रार स्थानिकांनी २०१९ मध्ये केली होती. एडिंबरोच्या उद्यानाने या झाडाच्या फांद्यांपासून रोपे तयार केली असून इतर जुन्या यू वृक्षांच्या रोपांसोबत ती तेथील कुंपणात लावली आहेत.