बोटं सोलल्याशिवाय गिटार येत नाही?

‘बोटांतून रक्त आल्याशिवाय गिटार येत नाही, म्हणून कडक सर शोधा’ हा समज वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. पहिले 3-4 आठवडे बोटांची टोकं हुळहुळतात, हे खरं. पण रक्त किंवा मनगटात कळ म्हणजे काहीतरी चुकतंय, आणि पुष्कळदा दोष वाद्यातच असतो.

गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. डोक्याकडून मोजत 12 व्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेखाली स्केलपट्टी उभी धरा. शून्य अगदी काठावर असलेली घ्या. फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत पोलादी तारांना साधारण 2.5 मिमी, नायलॉनला 4 मिमी अंतर ठीक. जास्त असेल तर मोठ्या माणसालाही तार दाबणं जड जातं. जळगाव-भुसावळच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा ब्रिजखालचा (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीखालचा) गोंद सैल पडतो, ब्रिज उचलला जातो, तारा वर येतात. कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकंही हाताला टोचतात.

शिकवणी ठरवण्याआधी एक तास बसून पाहा. सर आधी गिटार हातात घेऊन तारा तपासतात का? बोट फ्रेटच्या अगदी मागे, म्हणजे डोक्याच्या बाजूला लगत, ठेवायला सांगतात का? तिथे कमी जोरात स्वर स्वच्छ वाजतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला नायलॉनची अर्ध्या मापाची गिटार सुचवणारे सर मिळाले, तर फी थोडी जास्त असली तरी त्यांच्याकडेच पाठवा.