मिडवेस्टमधला पूर्वज: नातं कागदावर कधी आलं?

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या राज्यांच्या पट्ट्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी घराण्याचा माग काढायचा, तर आधी त्या काळचे कागद कशासाठी तयार झाले ते पाहावं लागतं. सरकारने माणसं मोजली ती प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवायला. जमीन आणि पेन्शनच्या नोंदी ठेवल्या त्या हक्क तपासायला. कोण कोणाचं काय लागतं, याची विचारपूस फार उशिरा सुरू झाली.

दर दहा वर्षांच्या जनगणनेत १८४० पर्यंत कुटुंबप्रमुखाचंच नाव येतं. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यात नुसते आकडे. १८५० पासून गुलामगिरीत नसलेल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य किंवा देश मिळतो. कुटुंबप्रमुखाशी असलेल्या नात्याचा रकाना मात्र थेट १८८० मध्ये आला. बहुतेक वंशावळी चुकतात त्या इथेच. १८६० च्या पानावर घरधन्याखालोखाल लिहिलेली बाई त्याच्या सगळ्याच मुलांची आई असेल असं नाही. बाळंतपणात बायका दगावत, मागे लहान पोरं असत आणि बाप लवकरच दुसरं लग्न करी. म्हणून काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) विवाहनोंदवहीतली तारीख आणि थोरल्या मुलाचं वय शेजारी ठेवून पाहायचं. वय १ जूनला जितकं पूर्ण असेल तितकं लिहायचा नियम होता, पण माहिती कधीकधी शेजारीच देत. एक-दोन वर्षांचा फरक धरूनच चालावं.

१८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण गेली. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. आगीतून उरलेले, पाण्याने भिजलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले. १८८० ते १९०० ही वीस वर्षं म्हणजे मुलं लग्न करून पश्चिमेकडे सरकण्याचा काळ, त्यामुळे हे नुकसान फार मोठं आहे. आयोवा, कॅन्सस आणि मिनेसोटा या राज्यांनी १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःची मोजणी केली, तिचा इथे मोठा आधार होतो. आयोवाच्या १८८५ च्या मोजणीत तर राज्यात जन्मलेल्यांची जन्मकाउंटीही दिलेली आहे.

नात्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा सापडतो तो यादवी युद्धातल्या सैनिकाच्या विधवेच्या पेन्शन फायलीत. तिला लग्न झाल्याचं आणि सोळा वर्षांखालच्या मुलांच्या जन्मतारखा सिद्ध कराव्या लागत. मग विवाहनोंदीची नक्कल, सुईणीचं किंवा शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, क्वचित घरच्या बायबलमधून काढलेलं जन्मनोंदींचं पानसुद्धा त्या फायलीत लागलेलं असतं. पेन्शन-अर्जांच्या सूचीतल्या कार्डावर सैनिक, विधवा आणि अल्पवयीन मुलं यांच्या अर्जांचे क्रमांक वेगवेगळे असतात; फाइल मागवताना ते सगळे उतरून द्यावेत.

जमिनीच्या फायलींकडून सरसकट अपेक्षा ठेवू नये. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्याचं दोन साक्षीदारांनी सांगावं लागे. त्या फायलीत घराचं वर्णन, कुटुंबातल्या माणसांची संख्या, परदेशातून आलेल्याचे नागरिकत्वाचे कागद असं बरंच काही मिळतं. ओहायो-इंडियानातली जमीन मात्र बहुतेक त्याआधीच रोख विकली गेली होती. तिथल्या फायलीत पावतीपलीकडे फारसं काही नसतं.

पूर्वज जर्मनीहून आलेला असेल, तर मूळ गाव शोधायला न्यायालयात जाऊन बहुधा निराशा होते. सप्टेंबर १९०६ पूर्वी नागरिकत्व कामकाजाच्या नोंदी ठेवणारं कोणतंही न्यायालय देई आणि कागदावर अनेकदा गावाऐवजी नुसतं ‘प्रशिया’ हे मोठं जर्मन राज्यच लिहिलेलं असे. गावाचं नाव मिळालं तर ते ल्युथरन किंवा कॅथलिक चर्चच्या दफन आणि बाप्तिस्म्याच्या वह्यांत, तेही जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात. पूर्वजाच्या स्वतःच्या नोंदीत ते नसेल तर भावंडांच्या, बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांच्या आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या नोंदी चाळाव्यात. एकाच गावची माणसं पुष्कळदा एकाच टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीतल्या एकाच छोट्या विभागात, येऊन वसली होती.

कुटुंब एकाएकी कागदांतून नाहीसं झालं, तर त्यांनी स्थलांतर केलं असं लगेच मानू नये. काउंट्यांच्या सीमा वारंवार बदलत. शेत तिथेच राही आणि त्याचं दफ्तर नव्या काउंटीच्या कोर्टात सुरू होई. जुन्या नोंदी मात्र सहसा मूळ काउंटीतच राहत.