शरणपूर ते रबाई: पळून आलेल्यांना आसरा द्यायचा की नाही?

गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती चळवळ म्हटली की गोष्ट लंडनच्या संसदेपाशीच थांबते. 1807 चा व्यापारबंदीचा कायदा, 1833 चा मुक्तीचा कायदा आणि मालकांना मिळालेली 2 कोटी पौंडांची भरपाई सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी आयुष्यभर राबून दिले त्यांच्या हाती दमडी पडली नाही. कंपनी सरकारचा मुलूख तर त्या कायद्यातून वगळलाच होता. इथल्या न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानू नये, हे ठरायला 1843 उजाडले.

पुढे ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलाम वाहणारी गलबते पकडू लागले आणि सोडवलेले अनेक आफ्रिकी मुंबईत उतरले. त्यांच्यातली बरीच मुले सरकारने मिशनांच्या हवाली केली. काही नाशिकजवळ शरणपूरच्या मिशन वसाहतीत वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बायबल वाचू लागली. पोरक्या मुलांना बाप्तिस्म्याला नाही म्हणायची मोकळीक कितपत असणार, ही शंका रास्तच आहे. तरीही याच मुलांनी पुढे मिशनलाच पेचात टाकले.

1873 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सत्ता असलेल्या झांझिबारच्या सुलतानाने ब्रिटिशांशी करार करून समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. त्याच किनाऱ्यावर, आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले आणि शरणपूरची मंडळी तिकडे रवाना झाली. तिथे ती 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखली जात.

खरी कसोटी लागली ती जवळच्या रबाई ठाण्यावर. करारात व्यापार बंद झाला होता, मालकी नव्हे. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून गुलाम पळून थेट मिशनच्या आवारात येऊ लागले. मिशनचा अधिकृत हुकूम होता, त्यांना ठेवून घेऊ नका. कारणे अगदीच पोकळ नव्हती: सुलतानाच्या कायद्याने ते मालकांचेच होते आणि चिडलेले मालक हल्ल्याच्या धमक्या देत होते. शास्त्राधारही दोन्ही बाजूंना सापडे. बायबलच्या नव्या करारात पौलाने अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवले होते. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मात्र पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, असे स्पष्ट बजावले आहे. रबाईचा कारभार पाहणारा, शरणपुरात वाढलेला आफ्रिकी पाळक दुसऱ्या बाजूचा निघाला. स्वतः विकला गेलेला माणूस दाराशी आलेल्याला परत कसा लोटेल? पळून आलेली माणसे वस्तीत राहिली, शेती करू लागली, त्यांचे संसार उभे राहिले. गोऱ्या वरिष्ठांना हे एकतर कळत नव्हते किंवा कळूनही ते तिकडे काणाडोळा करत होते. मला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण शेकडो माणसे लपवण्याइतके रबाई मोठे नव्हते.

1888 मध्ये किनारपट्टीचा कारभार एका ब्रिटिश कंपनीकडे आला, तेव्हा मालकांनी मिशनने ठेवून घेतलेली आपली माणसे मागितली. मालकांशी भांडण कंपनीला परवडणारे नव्हते, पण इतक्यांना परत बेड्या घातल्या तर इंग्लंडमध्ये गदारोळ झाला असता. शेवटी मालकांना पैसे मोजून तडजोड झाली. जानेवारी 1889 मध्ये रबाईला सुटकेचे दाखले वाटले गेले. मिशनच्या ठाण्यांवरचे चौदाशेच्या आसपास लोक या व्यवहारात मोकळे झाले. ज्याच्या हट्टाने हे घडले, त्या पाळकाला मिशनच्या अहवालांत बेशिस्तीचा ठपका आणि कौतुक दोन्ही मिळाले असते तर ते न्यायाचेच ठरले असते.

किनारपट्टीवरची गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1907 मध्ये गेली. भरपाई तेव्हाही मालकांनाच मिळाली.